अंगाई आणि उचल : बीडच्या रात्रींचा एक इतिहास

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात अंगाईगीताला मानाचे, पण काहीसे निरुपद्रवी स्थान मिळालेले आहे. पाळणे, अंगाया, बारशाची गाणी असे वर्गीकरण करायचे, वात्सल्यरसाचा उल्लेख करायचा, चार उदाहरणे द्यायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, अशी आपली रीत आहे. या रीतीत एक गृहीतक दडलेले असते. संध्याकाळ झाली म्हणजे आई घरी असते, घराला आढे असते, आढ्याला पाळणा टांगलेला असतो आणि मूल झोपेपर्यंत दोरी ओढत बसण्याइतका वेळ तिच्यापाशी असतो, असे आपण न बोलता धरून चालतो. हे चित्र खोटे नाही. पण ते सर्वांचे नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांच्या रात्री या चित्रात बसत नाहीत. त्या रात्रींचा विचार केला तर अंगाईगीताविषयीचे आपले काही निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : मुलाला निजवण्याची वेळ ही निसर्गाने आयती दिलेली वेळ नसते. दिवसभराच्या श्रमातून जी उरते ती ही वेळ होय. म्हणून तिचा इतिहास हा वात्सल्याचा जितका आहे, तितकाच श्रमव्यवस्थेचाही आहे.

१

रात्रीला आणि बालपणाला इतिहास असतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बालपण ही कल्पनाच काळानुसार बदलत आल्याचे मांडले. त्याच्या अनेक विधानांवर पुढे वाद झाले, पण प्रश्न टिकला. रॉजर एकर्च याने २००५ मध्ये युरोपातील रात्रीचा इतिहास लिहिताना, कृत्रिम उजेड सार्वत्रिक होण्यापूर्वी अनेक लोक दोन टप्प्यांत झोपत असत, असे दाखवून दिले. आपल्याकडे मात्र रात्र हा इतिहासाचा विषय फारसा झालेला नाही. ती कवींच्या वाट्याला गेली.

मराठीत मुलाच्या झोपेशी जोडलेली गाणी स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार पाळण्याचा. पाळणा हे सार्वजनिक गीत आहे. रामनवमीला, गोकुळाष्टमीला, शिवजयंतीला, बारशाला ते अनेक जणी मिळून म्हणतात. त्यात बाळाच्या जन्माचे दिवस मोजले जातात आणि त्याचे भावी कर्तृत्व आधीच सांगून टाकलेले असते. आंबेडकरी जलशांच्या आणि भीमगीतांच्या परंपरेने हाच साचा घेऊन बाबासाहेबांचे पाळणे रचले. पाळण्यात निजलेल्या मुलाकडे समाजाने पाहण्याची ही पद्धत आहे. त्यामुळे पाळणा कितीही गोड असला तरी त्याने मूल झोपते की नाही, हा प्रश्न गौण ठरतो.

दुसरा प्रकार एकट्या बाईच्या गाण्याचा. येथे ऐकणारे मूल आणि गाणारी आई एवढे दोघेच असतात आणि त्यातल्या एकाला शब्द कळत नाहीत. म्हणूनच या गाण्यात बाई मुलाशी बोलता बोलता स्वतःशी बोलू लागते. ही जाण फार जुनी आहे. मार्कंडेय पुराणातील मदालसा रडणाऱ्या तान्ह्या मुलाला गप्प करताना आत्मज्ञान सांगते. तान्ह्याला वेदान्त कळणार नाही, हे पुराणकारालाही ठाऊक असणार. पण निजवण्याच्या वेळी मोठ्या माणसाच्या मनातले सर्वांत गंभीर असे जे काही असेल तेच बाहेर येते, हे त्याने ओळखले होते.

या दुसऱ्या प्रकारातील बरीच सामग्री मराठीत अंगाई या नावाखाली नव्हे, तर जात्यावरच्या ओवीत सापडते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या संकलित केल्या. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी हे क्षेत्र शास्त्रशुद्ध अभ्यासाच्या कक्षेत आणले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या संग्रहांत लेकरावरच्या ओव्या विपुल आहेत. पण त्या गायल्या कधी जात, हे आपण विसरतो. दळण पहाटे होई. घर उठायच्या आत पीठ तयार हवे, म्हणून बाई अंधारात जात्यापाशी बसे. तान्हे मूल पुष्कळदा तिच्या मांडीवरच झोपलेले असे. म्हणजे ही ओवी मुलाला निजवण्यासाठी नव्हती; निजलेले मूल काम संपेपर्यंत उठू नये, यासाठी होती. रात्री झोप आणणे आणि पहाटे झोप लांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी फुरसत लागते. दुसरी कामाच्या मधोमध करता येते. गरीब घरांतली अंगाई प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची होती.

२

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत राईरकर-प्वातवाँ यांच्या गटाने १९९६ साली जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. तेथल्या बायांनी गायलेल्या ओव्यांचा मोठा भाग बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा होता. मूळ साचा नात्यागोत्याचा आणि त्यात आलेला आशय सामाजिक मुक्तीचा, हे या ओव्यांचे वैशिष्ट्य. ज्या आवाजात एरवी भावाचे, लेकाचे कौतुक व्हायचे, त्याच आवाजात भीमरावांचे झाले. मांडीवर निजलेल्या मुलाच्या कानावर जे पडत होते त्यात असा इतिहासही होता.

ध्वनिमुद्रण झाले तेव्हा जाते रोजच्या वापरातून जवळजवळ गेलेले होते. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली होती. याचे दुःख करण्याचे कारण नाही. तासन्‌तास दगड ओढण्यापासून बाईची सुटका झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जात्याबरोबर मुलाला मांडीवर घेऊन गाण्याची एक ठरलेली वेळही गेली. गिरणीने वाचवलेला वेळ बाईला विश्रांतीसाठी मिळाला असता, तर कदाचित रात्रीची अंगाई वाढली असती. बीडमध्ये तो वेळ दुसऱ्याच एका कामाने घेतला.

३

१९४८ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि निजामाच्या राज्यातला बीड जिल्हा भारतीय संघराज्याचा भाग झाला. त्याच वर्षी शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. आणि त्याच १९४८ साली केंद्राचा कारखाने अधिनियम मंजूर झाला. ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे त्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. ही संख्या आधी पन्नास होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आली.

पाळणाघर हा मराठी शब्द मोठा बोलका आहे. कायद्याला पाळण्याची आठवण होती, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आतली. साखर मात्र फाटकाबाहेर, फडात सुरू होते. ऊस तोडणारा मजूर कारखान्याचा कामगार मानला जात नाही. तो मुकादमाकडून उचल घेतो आणि मुकादमाचा करार वाहतूक ठेकेदाराशी असतो. त्यामुळे ज्या उसावर कारखाना चालतो, तो तोडणाऱ्या बाईच्या मुलाला त्या कायद्यातला पाळणा लागू होत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि तोडीसाठी माणसे हवी झाली. बालाघाटाच्या डोंगररांगांतील, पर्जन्यछायेतील कोरडवाहू गावांकडे माणसे होती, पण खरिपानंतर काम नव्हते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून हंगामी स्थलांतराची वहिवाट पडली. १९७२ च्या दुष्काळाने ती पक्की केली. त्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या कामांवर बाया तान्ही मुले झोळीत बांधून आणत. त्याच अनुभवातून पुढे आलेला रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तरीही ऊसतोडीचे स्थलांतर थांबले नाही. याचे कारण उचल. रोजगार हमी काम झाल्यावर मजुरी देते. मुकादम काम होण्याआधी, पावसाळ्यातल्या अडीअडचणीच्या वेळी, रोख पैसे देतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, आधीचे कर्ज हे सगळे त्या पैशात भागते. बदल्यात पुढचे पाच-सहा महिने गहाण पडतात. त्यात दिवस असतात, तशा रात्रीही असतात.

४

१९७७ साली 'बाळा गाऊ कशी अंगाई' या नावाचा मराठी चित्रपट आला होता. त्याची कथा वेगळी. पण शीर्षकातला प्रश्न ऊसतोडीच्या संदर्भात शब्दशः विचारता येतो. अंगाई गायची कधी?

या धंद्याची परिभाषा पाहू. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर ठरते. कामावर न आलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या हिशेबात नवरा आहे, बायको आहे, हत्यार आहे. मूल कोठेच नाही. मूल तापाने फणफणले म्हणून आई कोपीत थांबली तर तो खाडाच होतो. भाषा समाजाचे चित्र दाखवते, असे आपण वर्गात सांगतो. दोन माणसांच्या संसाराला एका हत्याराचे नाव देणारी ही भाषा कोणत्या समाजाचे चित्र दाखवते, हेही वर्गात सांगायला हवे.

टोळी फडात पोहोचते ती पहाटेच्या अंधारात. बाई त्याआधी उठून चूल पेटवते, भाकरी थापते. दिवसभर पुरुषाने ऊस तोडायचा, बाईने मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. बैलगाडीवाले कुटुंब असेल तर गाडी कारखान्यावर नेऊन वजन होईपर्यंत पुरुषाची रात्र रांगेतच जाते. मालमोटारीवर भरणारी टोळी असेल तर मोटार ज्या वेळी येईल त्या वेळी उठून भरायची, मग ती मध्यरात्र का असेना. येथे रात्र मालकीची नसते. पाचट, बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोपीत आढे नसते, म्हणून पाळणाही नसतो. जुन्या लुगड्याची झोळी दिवसा झाडाला किंवा गाडीच्या दांडीला बांधली जाते. ती हलवण्याचे काम बहुधा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे येते. बीडच्या फडांवर निजवणारी व्यक्ती म्हणजे आई, हे समीकरण येथे मोडते. जी स्वतः निजवली जाण्याच्या वयाची आहे, ती धाकट्याला निजवते.

स्पॅनिश कवी लोर्का याने १९२८ साली माद्रिदमध्ये अंगाईगीतांवर एक व्याख्यान दिले होते. स्पेनमधल्या अंगाया इतक्या उदास का, हा त्याचा प्रश्न होता. त्या गरीब बायांनी रचलेल्या आहेत. मूल हे त्यांच्यासाठी आनंदाइतकेच ओझेही असते आणि त्यांना हे गाण्यातून बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही, अशी त्याची मांडणी होती. श्रीमंतांच्या घरात हीच गाणी दाया आणि मोलकरणींबरोबर पोहोचली, असेही त्याने सांगितले. लोर्काचे हे निरीक्षण आपल्या अभ्यासकांना उपयोगी पडावे. अंगाईचा विचार करताना तिच्यातील गोडव्याबरोबर गाणाऱ्या बाईचा थकवाही वाचता आला पाहिजे. मूल लवकर झोपावे, ही इच्छा प्रेमातून येते, तशी स्वतःला झोप हवी असण्यातूनही येते. त्यात कमीपणा काही नाही.

५

तान्ही मुले फडावर जातात. शाळेच्या वयाच्या मुलांचे काय करायचे, हा या भागातल्या आई-बापांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मूल आई-बापांबरोबर राहील आणि तेथेच शिकेल, ही त्यामागची कल्पना. त्यांचा दर्जा तात्पुरत्या शाळेचा असतो तसाच राहिला. हंगामाच्या मध्यावर आलेले मूल कोणत्या इयत्तेत बसवायचे येथपासून अडचणी होत्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर मूल गावच्याच नियमित शाळेत टिकवावे, यावर भर वाढला आणि हंगामी वसतिगृहांचे महत्त्व वाढले. अनेक गावांत याचा प्रत्यक्ष अर्थ असा : शाळेत जेवण मिळते आणि मूल निजायला आजीकडे जाते. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली.

या धोरणांमागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. कोयता पिढीजात होऊ नये, यासाठी शाळेला पर्याय नाही. पण या प्रवासात एक अदलाबदल झाली, ती स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. साखरशाळेने मुलाला आई-बापांची रात्र दिली, पण शाळा कच्ची दिली. वसतिगृहाने शाळा पक्की दिली आणि रात्र काढून घेतली. सुखवस्तू घरातल्या मुलाला शाळा आणि आईची कूस यांतून एक निवडावे लागत नाही. बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या मुलाला दर कार्तिकात हेच निवडावे लागते. किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणीतरी निवडते.

शाळा बुडवून मूल बरोबर नेणाऱ्या आई-बापांवर अज्ञानाचा ठपका सहज ठेवला जातो. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दिवसभर फडात पांगलेले कुटुंब रात्री कोपीत एका ओळीत निजते. तेवढेच त्यांचे घर असते. बापाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आपल्या अंगाईपरंपरेत बाप जवळजवळ नाहीच. तो पाळण्याच्या शेवटी नावापुरता येतो. कोपीत मात्र तो मुलाशेजारी हातभर अंतरावर असतो, गाडी कारखान्याच्या रांगेत नसेल तेव्हा. ही जवळीक दारिद्र्यातून आलेली आहे, म्हणून तिला सजवून सांगू नये. पण तिला किंमत नाही, असेही मानू नये. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवताना आईच्या मनात जी भीती असते, तिचाही संबंध रात्रीशीच आहे. अनेक मुलींची लग्ने कोवळ्या वयात लागतात त्यामागे 'हिला रात्री कोणाच्या भरवशावर ठेवायचे' हा प्रश्न असतो. लग्न झाले की नवा कोयताही तयार होतो.

मागे राहिलेल्या मुलांच्या रात्री आज्या सांभाळतात. नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपण म्हणतो. येथे दूधच दूर गेलेले असते आणि सायीला दुधाचे काम करावे लागते. एका आजीच्या पंखाखाली दोन-तीन लेकांची मुले असतात. ती गोष्टी सांगते, आई कधी येणार याची उत्तरे देते, आणि ती उत्तरे दिवसांत न देता सणांत देते : संक्रांत झाली, शिमगा आला, आता पाडवा. गेल्या काही वर्षांत त्यात मोबाइलची भर पडली. तोडीवरून आलेली माय फोनवर 'जेवलास का, अभ्यास केला का' एवढेच विचारते. ऐकणाऱ्याला हे बोलणे रुक्ष वाटेल. परंतु निजण्यापूर्वीचे शेवटचे वाक्य कोणाचे असावे, हा अंगाईचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न त्या दोन वाक्यांत असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हजारो टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या. एप्रिलमध्ये शासनाने परतीची परवानगी दिली, तोपर्यंत आज्यांचे सणांचे पंचांग कोलमडले होते.

६

गैरहजर आई आणि रात्रीची गोष्ट यांचे नाते मराठी साहित्याला अपरिचित नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकातील प्रकरणांना त्यांनी प्रकरणे म्हटले नाही, 'रात्र' म्हटले. अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात रात्री मंडळी जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. आई हयात नाही. ती गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. मराठीत आईविषयीचे सर्वाधिक वाचले गेलेले हे पुस्तक रचनेच्या दृष्टीने अनुपस्थित आईला रात्री बोलावून आणण्याचा उपक्रम आहे. आपण त्यातली शिकवण वाचली, रचना फारशी वाचली नाही. छापील बालसाहित्याने तर रात्रीचा विचार उशिराच केला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'इसापनीती'पासून, म्हणजे १८२८ च्या सुमारापासून, मुलांची छापील गोष्ट शाळेसाठी आली आणि बोधासाठी आली. उशाशी पुस्तक घेऊन निजणारे मूल हे फार अलीकडचे आणि फार थोड्या घरांतले.

बीडपुरते बोलायचे तर अंबाजोगाईचे स्मरण होते. दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'पंचीकरण' हा ग्रंथ कापडावर लिहिला. चाळीसएक फूट लांबीची ती पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. पासोडी म्हणजे मूळचे पांघरायचे जाड वस्त्र. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला स्थान आहे, ते योग्यच. याच जिल्ह्यात घरोघरी दुसरीही एक पांघरुणे आहेत. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून बायांनी शिवलेली वाकळ. आई तोडीला गेल्यावर मागे राहिलेले मूल आईच्या लुगड्याच्या वाकळीत निजते. या पांघरुणावर अक्षरे नाहीत, म्हणून ते कोणत्याही हस्तलिखितांच्या सूचीत येणार नाही. पण आई-मुलाच्या निजेच्या नात्याचा या जिल्ह्यातला लेखी नसलेला पुरावा शोधायचा झाला, तर तो येथून सुरू करावा लागेल.

७

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयात काय करावे? प्रथम, अंगाई हा प्रकार आशयावरून नव्हे तर वेळेवरून आणि कामावरून पुन्हा लावून पाहावा. गाणे कोणी, कोणत्या प्रहरी, कोणते काम करताना म्हटले, याची नोंद नसेल तर संकलन अपुरे समजावे. दुसरे, आज्यांचे ऐकावे. जात्याची ओवी ज्यांच्या तोंडी होती ती पिढी मावळत आली आहे. पण दोन-तीन लेकांच्या मुलांना सहा महिने निजवणाऱ्या आज्या आज बीडच्या खेड्यांत आहेत. त्या काय सांगतात, कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, आईविषयी काय बोलतात आणि काय टाळतात, हे टिपून ठेवण्यासारखे आहे. थोरल्या बहिणींना फडावर धाकट्यांना निजवताना काय म्हटले, हे विचारण्यासारखे आहे. त्यांतल्या कित्येक जणी आज महाविद्यालयांत आपल्याच वर्गात बसलेल्या असतात.

आणि धोरणाविषयी एवढेच. वसतिगृहाच्या योजनेत निवास, भोजन, पुस्तके, उपस्थिती यांचा हिशेब होतो, तो झालाच पाहिजे. त्यात रात्रीचाही व्हावा. निजण्याच्या वेळी मुलांजवळ बसणारी बाई तेथे आहे का, फडावरच्या आईशी रोज बोलता येईल अशी सोय आहे का, हंगामात एकदा तरी मुलाला आई-बापांकडे नेऊन आणले जाते का, हे प्रश्न हळवे वाटतील. पण ते कोणालाही विचारता येण्याजोगे आणि मोजता येण्याजोगे आहेत. १९४८ च्या कायद्याने फाटकाच्या आत पाळणा नेला होता. तो फाटकाबाहेर, फडापर्यंत आणि तेथून मागे राहिलेल्या गावापर्यंत नेण्याचे काम अजून व्हायचे आहे.